मामा माळकरी, मग त्यांच्या रिपोर्टात एवढे 'आर' कुठून आले?

पत्र (थोडं कमी करून):

"डॉक्टर साहेब, नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातले, गावाचं नाव छापू नका. शेतातच घर आहे आणि घराला लागून बॉयलर कोंबड्यांचं शेड आहे, कंपनीसोबत करारावर. मागच्या महिन्यात आमच्या मामांना म्हणजे सासऱ्यांना लघवीला जळजळ आणि थंडीताप आला. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलल्या, फरक नाही, म्हणून परभणीला नेलं. तिथं लघवीचं कल्चर केलं तर रिपोर्टमधे ई. कोलाय लिहिलंय आणि औषधांच्या नावापुढं जवळजवळ सगळीकडं 'आर'. आता इंजेक्शनं चालू आहेत, बरं वाटतंय. पण तिथल्या डॉक्टरांनी विचारलं की घरी पोल्ट्री आहे का, आणि तेव्हापासून घरात नुसती धुसफूस. मामा माळकरी आहेत, मटन-चिकन-अंडं कशालाच हात लावत नाहीत, ताट-वाटी पण वेगळी. ते म्हणतात शेड बंद करा. आमचे हे म्हणतात कर्ज कोण फेडणार, आणि मामा कोंबडी खातच नाहीत तर कोंबडीचा संबंध काय. त्यात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला की चिकनमधे असे जंतू असतात ज्यांच्यावर कोणतंच औषध चालत नाही. मला अडीच वर्षांची मुलगी आहे, तिला चिकनचा रस्सा लई आवडतो, देऊ का नको? आणि शेडमधली औषधं पाण्यातून मीच सोडते. कंपनीचा सुपरवायझर सांगतो तसं, पिल्लं आली की एन्रो नावाचं औषध, मग खोकला सुरू झाला की आणखी एक, पक्ष्यांच्या मागच्या लॉटला तर मर वाढली म्हणून कोंबड्या न्यायची गाडी यायच्या दोन दिवस आधीपर्यंत चालू होतं. माझ्या हातून मामांना काही झालं का, हे एकदा खरं सांगा."

ताई, शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देतो, कारण ते डोक्यात घेऊन तुम्हाला झोप लागत नसणार. तुमच्या हातून मामांना काही झालं असं म्हणायला कसलाच पुरावा नाही. कल्चर रिपोर्टवर जंतूचं नाव येतं, त्याच्यावर कोणतं औषध चालतं कोणतं नाही हे येतं, तो कोणाच्या शेडमधून, कोणाच्या हातातून, कोणत्या पाण्यातून आला हे येत नाही. परभणीच्या डॉक्टरांनी पोल्ट्रीचं विचारलं ते बरोबरच विचारलं, पेशंट काय काम करतो, घरी जनावरं आहेत का, आधी कुठं ॲडमिट होता का हे विचारावंच लागतं, पण विचारलं म्हणजे बोट दाखवलं असं नाही. घरात तसा अर्थ निघाला असेल तर हे उत्तर सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवा.

मी जनावरांचा डॉक्टर, मामांच्या औषधात मी पडणार नाही. एवढंच सांगतो की बरं वाटलं म्हणून इंजेक्शनं आपल्या मनानं मधेच बंद करू नका, रिपोर्ट जपून ठेवा, आणि पुढं कोणत्याही दुखण्यासाठी कोणत्याही डॉक्टरकडं गेलात तर आधी तो रिपोर्ट समोर ठेवा. 'आर' लिहिलंय म्हणजे त्या जंतूवर ते औषध चालत नाही, मामांच्या शरीरात काहीतरी कायमचं बिघडलंय असं नाही. पुष्कळ लोकांच्या आतड्यातले असे जंतू काही महिन्यांत हळूहळू कमी होत जातात, मधे परत उगाच अँटिबायोटिक पोटात गेलं नाही तर. आणि वय झालेल्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं की शुगर आणि प्रोस्टेट दोन्ही तपासलंय का, एवढं त्या डॉक्टरांना नक्की विचारा. मामांना वेगळं बसवायची, वेगळी खोली द्यायची काही गरज नाही. संडासवरून आलं की साबणानं हात आणि टॉवेल वेगळा, बास.

आता कोंबडी खाल्लीच नाही तर जंतू आला कुठून. ई. कोलाय तुमच्या-माझ्या, गाईच्या, शेळीच्या, कोंबडीच्या सगळ्यांच्याच आतड्यात असतो आणि बहुतेक वेळा काहीच करत नाही. लघवीचं इन्फेक्शन बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला ई. कोलाय लघवीच्या मार्गात शिरल्यामुळं होतं, म्हणजे खरा प्रश्न असा की मामांच्या पोटातला जंतू औषधाला दाद न देणारा कधी आणि कसा झाला. त्याचे रस्ते बरेच आहेत. गेल्या काही वर्षांत सर्दी झाली, जुलाब लागले, दाढ ठणकली म्हणून मेडिकलमधून नुसतं सांगून किती वेळा गोळ्या आणल्या ते आठवून बघा. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, पण आपल्याकडं दोन दिवस गोळ्या घ्यायच्या आणि उरलेल्या डब्यात ठेवून पुढच्या वेळी दुसऱ्यालाच द्यायच्या हे घरोघरी चालतं. प्रत्येक वेळी साधे जंतू मरतात, चिवट तेवढे राहतात आणि रिकाम्या झालेल्या जागेवर वाढतात. शिवाय हे जंतू माणसाकडून माणसाकडं जातात, हातातून, संडासातून, दवाखान्यातून, नाल्याचं पाणी मिसळलेल्या विहिरीतून.

नेदरलँड्समधे यावर २०१९ ला एक मोठा अभ्यास आला होता. तिथल्या लोकांच्या पोटात असे न जुमानणारे ई. कोलाय येतात कुठून हे शोधलं, तर साधारण दोन तृतीयांश माणसाकडूनच माणसाकडं आलेले निघाले आणि अन्नातून आलेले साधारण पाचातला एक. तिथं घरोघरी चांगले संडास, नळाला चोवीस तास शुद्ध पाणी, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्या तालुक्याला लावता येणार नाही, पण दिशा कळते. माणसाचा वाटा मोठा, मांसाचा वाटा त्याच्यापेक्षा लहान, पण शून्य नाही.

म्हणजे दाजींना सांगा, तुमचंही पूर्ण बरोबर नाही. मामा कोंबडी खात नाहीत म्हणून कोंबडीचा संबंधच नाही असं होत नाही. शेडमधे औषध चालू असलं की पक्ष्याच्या आतड्यात तेच होतं जे माणसाच्या होतं, साधे मरतात, चिवट उरतात, आणि ते विष्ठेतून शेडमधे खाली अंथरलेल्या तुसात पडतात. त्याच तुसातून तुम्ही चालता, तीच चप्पल घालून ओट्यापर्यंत येता, पदराला हात पुसून माठात तांब्या बुडवता. लॉट गेला की ते तूस शेतात टाकतात, वाफ्यात कोथिंबीर असते, कांद्याची पात असते, मेथी असते, आणि मामा कोथिंबीर तर कच्चीच खातात, भाकरीसोबत कांद्याची पात पण. हे तुमच्या घरी असंच घडलं असं मी म्हणत नाही. पण माळ घातली की हा रस्ता बंद झाला असं समजू नका. नेदरलँड्समधेच डुकरं पाळणारे शेतकरी दवाखान्यात ॲडमिट व्हायला आले की त्यांची औषधाला न जुमानणाऱ्या एका जंतूसाठी नाकाची तपासणी करतात, कारण खाण्यापेक्षा जित्या जनावरासोबत रोज काम केल्यानं तो अंगावर येतो हे त्यांना कळून चुकलं. म्हणून तुमच्या घरात सगळ्यात जास्त संबंध कोणाचा येत असेल तर तो तुमचा आणि दाजींचा, मामांचा नाही, आणि दोघांचीही काळजी मला तेवढीच आहे.

शेडसाठी चप्पल वेगळी, ती दारातच राहील. एक जुना गाऊन किंवा शर्ट शेडपुरता. बाहेर आलात की साबणानं हात, मग पाणी, मग लेकरू. माठाला तोटी बसवा नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. मुलीला शेडमधे नेऊ नका, पिल्लं आली की लेकरं हट्ट करतातच, कडेवर घेऊन जाळीच्या बाहेरून दाखवा आणि परत या.

तिला चिकन द्यायचं का? द्या. मनात काही न ठेवता द्या, नीट शिजवून.

तुमच्यापर्यंत आलेल्या व्हिडिओत दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली दिसते. पहिली गोष्ट मांसावरचे जंतू. औषधाला जुमानत नाही म्हणजे आगीलाही जुमानत नाही असं लोकांना वाटतं, तसं बिलकुल नाही. न जुमानणारा ई. कोलाय किंवा साल्मोनेला साध्या ई. कोलायसारखाच उष्णतेनं मरतो. मांसाच्या तुकड्याच्या अगदी आतपर्यंत ७४ अंशाला गेलं की काम झालं, आणि आपला येसराचा रस्सा तर रटारटा उकळत असतो, कुकर त्याच्याही पुढं जातो. हाडाजवळ गुलाबी राहिलेलं, बाहेरून करपलेलं आणि आतून कच्चं, हे नको, म्हणून बसस्टँडवरच्या गाड्यावरचे घाईत तळलेले मोठे पीस लेकराला देऊ नका. पाकिटातले फ्रोझन नगेट, कबाब दिसायला तळल्यासारखे असतात पण त्यातले काही आतून कच्चेच असतात, पाकिटावर शिजवायची सूचना असते ती वाचा. फ्रीजरमधे ठेवल्यानं जंतू मरत नाहीत, थांबतात नुसते. हळद, लिंबू, दही लावून ठेवल्यानं पण भरवशानं मरत नाहीत. दुसरी गोष्ट मांसात उरलेल्या औषधाचा अंश, त्याचं वेगळं आहे. तो शिजवून पूर्ण जातोच असं नाही, त्याचा बंदोबस्त चुलीवर होत नाही, शेडमधेच करावा लागतो. त्याच्यावर पुढं बोलतो.

स्वयंपाकघरात खरी गडबड कच्च्या मांसाच्या वेळी होते. विचार करा, रविवारी चिकन आणलं, सुरीनं पीस लहान केले, फोडणी टाकली, आणि त्याच सुरीनं त्याच पाटावर कांदा-काकडी चिरली, लिंबू कापलं. चिकन उकळून शुद्ध झालं, कांदा मात्र कच्चाच ताटात गेला. घरात कोणाला त्रास झाला की दोष रश्शाला, आणि काम केलेलं असतं त्या कांद्यानं. म्हणून कांदा-लिंबू सगळ्यात आधी चिरून झाकून ठेवा, मग मांसाला हात लावा, किंवा मांसासाठी सुरी आणि पाट वेगळाच करा. तुमच्या घरी मामांचा स्वयंपाक वेगळा होतो हे लई चांगलं आहे, त्यांच्या भांड्यांइतकीच त्यांची सुरी-विळीही वेगळी ठेवा आणि त्यांचं जेवण आधी उरकून घ्या.

आणि चिकन धुणं. आपल्याकडं न धुता शिजवायचं म्हटलं की बायका अंगावर येतात, मला माहीत आहे. पण नळाखाली धार लावून धुतलं की त्याचे शिंतोडे ओट्यावर, घासलेल्या भांड्यांवर, पाण्याच्या हंड्यावर उडतात आणि जंतू धुवून जायच्या ऐवजी घरभर होतात. दुकानदाराकडूनच स्वच्छ करून घ्या आणि थेट पातेल्यात टाका हे सगळ्यात बरं. मन मानतच नसेल तर खोल पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हातानं, नळ न लावता, ते पाणी भांड्यांच्या ढिगावर न ओतता बाहेर टाका, मग ती जागा साबणानं घासा आणि हात पण. कच्चं मांस फ्रीजमधे सगळ्यात खाली, झाकणाच्या डब्यात, वरच्या कप्प्यातून खालच्या दुधात-कोशिंबिरीत रस ठिबकला नाही पाहिजे. शिजलेलं दोन तासांत फ्रीजमधे, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन तास पण जास्त होतात, तासाभरात आत ठेवा. कंदुरीच्या वेळी मोठ्या पातेल्यातला रस्सा दुपारपासून रात्रीपर्यंत कोमट राहतो आणि मग लोकांची पोटं बिघडतात, ते वेगळ्या जंतूंचं काम आहे आणि त्याचा आजच्या विषयाशी संबंध नाही, तरी लक्षात असू द्या, खाली जाळ धगधगता तरी पाहिजे नाहीतर वाटून मोकळं तरी झालं पाहिजे.

दुकान निवडताना एकच बघा. कापलेल्या कोंबड्या एकाच टपातल्या त्याच त्या गरम पाण्यात दिवसभर बुडवून पिसं काढायच्या मशीनमधे टाकत असतील तर एका कोंबडीच्या आतड्यातली घाण पुढच्या सगळ्यांना लागते. पाणी बदलणारा, आतडी काढायची जागा आणि पीस करायचा ठोकळा वेगळा ठेवणारा दुकानदार चार पैसे जास्त घेत असेल तर द्या. गावरान घेतली म्हणजे निश्चिंत असंही नाही. गावरान कोंबडीला आणि रानात चरणाऱ्या उस्मानाबादी शेळीला औषधं कमी पडतात हे खरं, पण कापताना आतडं फुटलं तर घाण सारखीच, आणि गटारावर चरणारी कोंबडी गटारातलेच जंतू पोटात घेऊन फिरते. पाकिटावर 'अँटिबायोटिक फ्री' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ जंतू नाहीत असा होत नाही. आणि बॉयलरला हॉर्मोनचं इंजेक्शन देऊन फुगवतात हे तर सोडूनच द्या, तुम्ही स्वतः पोल्ट्रीवाल्या आहात, पाच हजार पक्ष्यांना रोज कोण सुई मारणार, ती वाढ जातीची आणि खाद्याची आहे.

आता शेड. ताई, पत्रातली जी ओळ वाचून मी थांबलो ती ही, की पिल्लं आली की एन्रो, मग खोकल्याला आणखी एक, मग मर वाढली म्हणून गाडी यायच्या दोन दिवस आधीपर्यंत. चूक तुमची म्हणून नाही सांगत, तुम्ही सांगितलं तसं केलं, पण हे बदललं पाहिजे आणि तुमच्या घरातून बदलू शकतं.

एन्रो म्हणजे एन्रोफ्लॉक्सासिन, एक अँटिबायोटिक. कोंबडीच्या अंगात गेलं की त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, आणि सिप्रो हे नाव तुम्ही मामांच्या रिपोर्टात नक्की वाचलं असेल, माणसाच्या लघवीच्या, पोटाच्या इन्फेक्शनला वर्षानुवर्षं दिलेलं औषध. म्हणजे शेडमधे एन्रोला न जुमानणारा जंतू तयार झाला की तो माणसाच्या सिप्रोलाही जुमानत नाही. याच कारणासाठी अमेरिकेनं २००५ मधे कोंबड्यांसाठी एन्रोची परवानगीच काढून घेतली. दुसरं उदाहरण कोलिस्टिनचं. माणसावर बाकी सगळी औषधं हरली की आयसीयूत जे काढतात ते हे औषध, आणि आपल्याकडं ते कोंबड्या लवकर वजन धरतात म्हणून खाद्यात मिसळलं जायचं. २०१५ मधे चीनमधे डुकरांत, मांसात आणि पेशंटमधे कोलिस्टिनला हरवणारा एक जीन सापडला, जो एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडं सरळ दिला जातो, शेजारणीनं शेजारणीला विरजण द्यावं तसा. मग जगभर धावपळ झाली आणि भारत सरकारनं जुलै २०१९ मधे जनावरं, कोंबड्या, मासे यांच्यासाठी कोलिस्टिन बनवणं, विकणं, वाटणं सगळं बंद केलं. तुमच्या शेडच्या फळीवर एखादी जुनी बाटली किंवा पुडी असेल तर नाव वाचा, आणि ते असेल तर वापरू नका. १ एप्रिल २०२५ पासून एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमात मांस, दूध, अंडी, मासे यांच्या उत्पादनात चालणार नाहीत अशा अँटिबायोटिकची यादी पण बरीच मोठी झालीय, म्हणून सुपरवायझर नवीन काही देईल त्याचं नाव विचारल्याशिवाय टाकीत ओतायचं नाही.

गाडीच्या दोन दिवस आधीपर्यंत औषध देण्याचं तर सांगतोच. जनावराच्या औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असतं की शेवटच्या डोसनंतर किती दिवस ते जनावर कापायचं नाही. २०१२ पासून आपल्या कायद्यात आहे की लेबलवर असा ठरवलेला काळ नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे, अंडी-दुधासाठी किमान ७. आता हिशेब तुम्हीच करा. तुमचा पक्षी ३५ ते ४२ दिवसांत गाडीत चढतो. म्हणजे ज्या बाटलीवर काळ लिहिलेलाच नाही ती पहिल्या एक-दोन आठवड्यांनंतर बॉयलरला देताच येत नाही, दिली तर औषधासकट कोंबडी लोकांच्या ताटात. ज्या बाटलीवर लिहिलंय तिचे दिवस मोजायचे. शेडच्या दारात एक वही लटकवा, औषधाचं नाव, कशासाठी, कधी सुरू, कधी बंद, कोणी सांगितलं. सुपरवायझरला म्हणा की व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, तोंडी नको. भांडायचं नाही, नुसतं लिहून मागायचं, पुष्कळ वेळा लिहायची पाळी आली की औषधच कमी होतं.

शेड बंद करायची गरज नाही, मामांना तसं सांगा. औषधावरचं शेड बदलून व्यवस्थेवरचं करायचं आहे, आणि ते होतं. नेदरलँड्सनं २००९ नंतरच्या दहा वर्षांत जनावरांच्या अँटिबायोटिकची विक्री निम्म्याहून बरीच खाली आणली, कोंबड्या पाळणं त्यांनी बंद केलं नाही, आणि तिथल्या बॉयलर कोंबड्यांमधले असे न जुमानणारे जंतूही कमी झाले.

पिल्लांना बेंबीचं इन्फेक्शन असतं तेव्हा पहिल्या आठवड्यात औषध लागतं, मी नाही म्हणणार नाही, पण ते डॉक्टरनं मेलेलं पिल्लू उघडून बघितल्यावर. प्रत्येक लॉटला पिल्लं उतरली की बाटली, हे उपचार नाहीत. आणि मर वाढली की आधी विचारा कामून वाढली. मानमोडी आणि गंबोरो हे व्हायरसचे रोग, त्यावर अँटिबायोटिक काडीचंही काम करत नाही, त्याला वेळेवर लस. लस पाण्यातून देता त्या दिवशी टाकीत क्लोरीन नको, नाहीतर लसच मरते आणि मग तुम्हाला वाटतं लस देऊनही रोग आला. बाकी दिवशी मात्र बोअरचं पाणी क्लोरीन टाकूनच द्या, टाकी आणि पक्षी पाणी पितात ती निप्पलची पाइपलाइन लॉट गेल्यावर आतून धुवा, त्या पाइपात शेवाळासारखा जो बुळबुळीत थर बसतो त्यात जंतूंचं घर असतं. तूस ओलं झालं की खालीवर करा, गोळे उचलून बाहेर काढा, अमोनियानं तुमचे डोळे चुरचुरत असतील तर पक्ष्याच्या छातीचं काय होत असेल, तो खोकला औषधानं नाही, पडदे उघडल्यानं जातो.

आणि आपलं ऊन. परभणी-नांदेडकडं मेमधे पारा ४२-४३ ला जातो तेव्हा मोठे झालेले पक्षी दुपारी धापा टाकत मरतात, ती उष्णतेची मर आहे. तिच्यावर अँटिबायोटिक देणं म्हणजे पैसे आणि औषध दोन्ही वाया घालवणं. पत्र्यावर पाचट टाका, वरून स्प्रिंकलर, आत फॉगर, दुपारी खाद्य उचलून पहाटे आणि रात्री द्या, पाणी गार ठेवा, उन्हाळ्याच्या लॉटला पक्षी थोडे कमी भरा. मागच्या लॉटची मर कोणत्या महिन्यातली, दिवसाच्या कोणत्या वेळची, हे दाजींना आठवायला सांगा, बहुतेक उत्तर तिथंच सापडेल.

तूस शेतात ताजं टाकू नका. ढीग घाला, ओल ठेवा, झाका, आतून चटका बसेल इतकं तापू द्या, अधूनमधून उलथवा, महिने-दोन महिने कुजू द्या. त्यानं सगळे जंतू संपतात असं नाही पण बरेच कमी होतात. कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात ते कुजलेलंही नको, ते कापसाला, तुरीला, उसाला जाऊ द्या. मेलेले पक्षी नाल्यात किंवा कुत्र्यांपुढं नाही, चुना टाकून खड्ड्यात.

पुढच्या लॉटला मर वाढली तर एक काम करा. पक्षी नुकताच मेलेला पाहिजे, औषध सुरू करायच्या आधीचा, दोन-तीन घ्या, दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, बाहेरून बर्फ लावा, फ्रीजरमधे गोठवू नका, आणि सकाळीच परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा. लातूरकडच्या वाचकांना उदगीरचं जवळ पडेल. पोस्टमॉर्टेम करून द्या म्हणा, आणि जंतू निघाला तर त्याच्यावर कोणतं औषध चालतं ती टेस्ट पण करता येईल का विचारा, मामांच्या लघवीची केली तशीच ती कोंबडीचीही होते. जे औषध चालतं तेच, पूर्ण डोस, सांगितले तेवढे दिवस, आणि गाडीची तारीख मोजूनच. रिपोर्टचा फोटो सुपरवायझरला पाठवा आणि वहीत चिकटवून ठेवा.